विलायती स्वेटरला चिंचोक्याची खळ

मी घोंगड्या विणणाऱ्याच्या घरचा, पण लोणावळ्यात साहेबाच्या बंगल्यावर कामाला होतो. कायमचं विलायतेला परत जाताना मडमेनं मला साहेबाचा लोकरी स्वेटर दिला. तिकडं समुद्रातल्या बेटांवर बाया तो हातानं, सुयांवर विणतात, ज्या त्या घरची नक्षी आईकडून लेकीकडं येते, असं तिनं सांगितलं. झालं! मी गावी, नवलाख उंबऱ्याला, घरी आलो ते अशा तोऱ्यात, की त्या लोकरीची मेंढी जणू मीच चारली होती.

वडिलांनी लोकर बोटांत चोळून पाहिली. "लय मऊ हाय. पण घोंगडीवानी ताठ ऱ्हायला हिला खळ कुटं हाय रं?"

"मी देतो की!" मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तोच घालून इंदुरीला मुलगी पाहायला जायचं होतं. आधीची सगळी स्थळं माझ्या तापटपणापायी फिरली होती. हेही गेलं असतं तर मी जन्मभर बिनलग्नाचाच राहिलो असतो.

मग काय, घोंगडीची सगळी विद्या मी त्या स्वेटरवर पाजळली. कढत पाण्यात घालून पायांनी तुडवला. चिंचोके शिजवून केलेली खळ वरून चोपडली. सकाळी तो आटलेला आणि ओलसर होता. वाटेत अंगावर वाळेल म्हटलं, आणि कसाबसा आत घुसलो.

वाळला हो! इंदुरी येईपर्यंत त्याची फळी झाली. बाह्या कोपरापर्यंत चढल्या आणि हात बुजगावण्यासारखे दोन्हीकडं ताठ. मुलीनं पोहे समोर ठेवले, पण माझा हात बशीपर्यंत वाकेना, की तोंडापर्यंत जाईना. मुलीला हसू फुटलं. तिच्या बापाचा हात वर गेला, तशी तिनं झटकन मान आत ओढली. मला त्याचं काय! मला माझीच पडली होती.

घरी वडिलांनी मेंढरं भादरायच्या कात्रीनं मला त्यातून सोडवलं. "उभा ऱ्हा गप," म्हणाले, "मेंढरू बी एवढं हालत न्हाई." नकार येणार हे धरूनच चाललो होतो. आला होकार! मी गावभर सांगत सुटलो, बघा, विलायती मालाची जादू.

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी बायकोला विचारलं, "त्या ध्यानाला तू व्हय म्हणालीस तरी कशी?"

"आमच्या घरी बाचा हात लय चालायचा," ती म्हणाली. "तुमचा काय वर होत नव्हता. म्हटलं, हितं तरी निभंल."

मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, की त्या दिवशी तिनं मान का आत ओढली होती.

तापटपणा माझा काही गेला नाही. पण आवाज चढला की ती वाद घालत नाही. पेटीतला तो कापलेला स्वेटर काढते आणि माझ्या मांडीवर आणून ठेवते.