वेलीची हजामत

फवारेकाकांचं खरं नाव काकूंनाही आठवून सांगावं लागे. उभा जन्म त्यांनी सलून चालवलं आणि कात्री लावण्याआधी गिऱ्हाईकाच्या डोक्यावर असा पाण्याचा फवारा मारला, की पेंगणारा माणूस दचकून "उठलो, उठलो!" म्हणे. मात्र खुर्चीत बसलेल्याचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. एकाने अर्धीच मिशी ठेवा म्हटलं, तर अर्धी ठेवली. कारण विचारलं नाही.

सलून बंद केल्यावर ती फिरती खुर्ची त्यांनी घरी आणली. बाहेरच्या खोलीत तिच्यावर बसून पेपर वाचायचा आणि पान संपलं की एक गिरकी घ्यायची, एवढंच त्यांचं सुख.

काकू आतल्या खोलीत शिवणकाम करत. त्यांच्या खिडकीवर बाहेरून एक म्हातारी, दांडगट वेल पसरली होती. ना फूल, ना फळ, नुसता पाला. एके दुपारी त्या अंधारात काकूंनी ब्लाउजला बाही उलटी जोडली आणि त्यांचा पारा चढला.

"अहो, रविवारपर्यंत ही वेल गेली नाही, तर माझं मशीन बाहेरच्या खोलीत. आणि तुमचं सिंहासन भंगारात!"

काका कात्री, कंगवा आणि फवारा घेऊन अंगणात गेले. संध्याकाळी घामाघूम होऊन परतले.

"बघ, कानांवरून कशी मोकळी केलीय!"

काकूंनी पाहिलं. वेलीला मधोमध भांग पाडला होता.

"काढायची होती हो, नटवायची नव्हती!"

शेजारचा प्लंबर कुंपणावरून वाकला. "काका, मुळाला हात घाला की!"

"मुळाला? अरे, मूळ गेलं की गिऱ्हाईक गेलं! धंद्यात ते पाप."

छाटणी वेलीला मानवली. रविवारी ती खिडकीच्या फटीतून आत डोकावू लागली. भंगारवाला आला आणि खुर्ची वाजवून म्हणाला, "लोखंड चांगलंय." काकांनी खुर्ची झटकन मागे ओढली. त्यांनी कुदळ उचलली, वेलीसमोर उभे राहिले, सवयीने फवारा मारला आणि तिथेच थिजले. हात काही चालेना.

काकू दारातून बघत होत्या. त्यांनी प्लंबरला हाक मारली, खुर्ची अंगणात आणवली, गळ्याभोवती टॉवेल घेतला आणि ऐटीत बसल्या.

"काय ठेवायचं?" काकांच्या तोंडून आपसूक निघालं.

"काहीही नाही. चकोट. मुळासकट."

"तुझं?"

"त्या वेलीचं हो! गिऱ्हाईक मी आहे ना?"

झालं! काकांची कुदळ सपासप चालू लागली. "डावीकडे राहिलंय," काकू खुर्चीतून सांगत होत्या. शेवटचं मूळ ओढताना प्लंबर उताणा पडला. काकांनी घाम पुसला, काकूंच्या मागे जाऊन आरसा धरला आणि मोकळी भिंत चारही बाजूंनी दाखवली.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. खुर्ची आत नेताना काका शिवणाच्या खोलीपाशी थांबले. खिडकीतून लख्ख ऊन सांडलं होतं.

"इथेच ठेव रे," ते प्लंबरला म्हणाले. "पेपर वाचायला झकास उजेड आहे. मशीन बाहेरच्या खोलीत न्यायचं ठरलंच होतं."

काकूंनी फवारा उचलला आणि त्यांच्या टकलावर रोखून सोडला.

"उचलतो, उचलतो!" काका ओरडले.