बांधलेल्या जहाजाचा कारकून

एकाहत्तरच्या लढाईत काकासाहेब नौदलात होते, पण त्यांचं जहाज गोदीतून हातभरही हललं नाही. इंजिन काढून घेतलेलं ते जुनं धूड म्हणजे खलाशांची तरंगती बराक. लढाऊ बोटींवरची पोरं बंदरात आली की तिथं झोपायची आणि कोणाला कुठला बंक, म्हणजे झोपायची फळी, हे काकासाहेब ठरवायचे. त्यातल्याच एका बोटीवरच्या, त्यांच्याच गावच्या म्हणजे पाचोडच्या पुंजारामनं त्यांचं नाव ‘लॉजचा मॅनेजर’ ठेवलं. ते सगळ्या जहाजाच्या तोंडी बसलं आणि काकासाहेबांच्या डोक्यात गेलं.

आता सत्त्याहत्तराव्या वर्षी शहरात पुंडलिकनगरच्या घरात बसून त्यांनी त्या जहाजाचा इतिहास लिहिला. बावीस पानं, अक्षर कोरीव. बंक किती, पंगती किती, नियम कुठले, एक गोष्ट सोडली नाही. औरंगपुऱ्यातलं माजी सैनिकांचं एक मंडळ स्मरणिका काढणार होतं. अट एकच: त्या जहाजावर राहिलेल्या एका तरी माणसाची सही पाहिजे. माहितीतला जिवंत माणूस उरला होता पुंजाराम, आणि त्याच्याशी चोपन्न वर्षं बोलणं नव्हतं. पण नाव छापून यायची हौस भारी वाईट. काकासाहेब पाचोडच्या बसमध्ये बसले.

बोलणं का नव्हतं, तेही सांगून टाकतो. लढाईत पुंजारामची बोट समुद्रात गेली आणि बारा दिवस तिची खबर लागली नाही. काकासाहेबांनी त्याचा बंक दुसऱ्याला दिला आणि त्याच्या सामानाची पेटी गावी धाडली. सोबत साधी चिठ्ठीसुद्धा नाही. पेटी बघून त्याच्या आईनं, केसरबाईनं, समजायचं ते समजून घेतलं. तिनं अन्नपाणी सोडलं आणि आठवड्यात ती गेली. इकडं विसाव्या दिवशी बंद पडलेली बोट ओढत बंदरात आणली. रजा मिळायला आणखी जवळजवळ दोन आठवडे गेले. पुंजाराम धडधाकट घरी पोचला तो नेमका आईच्या तेराव्याला. पुढं त्यानं गचांडी धरली तेव्हा काकासाहेब एवढंच म्हणाले, “नियम हाय. मी काय करू?” तेच ते जन्मभर सगळ्यांना सांगत आले.

“आलास व्हय, मॅनेजर?” पुंजाराम ओट्यावरून म्हणाला. बस म्हणाला नाही. चष्मा चढवून त्यानं पानं वाचायला घेतली. एकोणिसाव्या पानावर त्याचं बोट थांबलं.

“हे मोठ्यानं वाच.”

काकासाहेबांनी वाचलं, “परत न आलेल्या खलाशाचा बंक व सामान तीस दिवस राखून ठेवावे, त्यानंतरच...” इतिहास बिनचूक लिहायच्या नादात आपण काय लिहून बसलो, ते त्यांना आत्ता कळलं.

“तीस,” पुंजाराम म्हणाला. “मंग माझी पेटी बाराव्या दिवशी कशी निघाली?”

“नवी पोरं उघड्यावर झोपत व्हती. साहेब वरडत व्हता.”

“आन्?”

काकासाहेबांनी खाली बघितलं. “आन् तू मला मॅनेजर म्हणायचास.”

पुंजाराम अंगावर येईल म्हणून ते दोन पावलं मागं सरले. पण त्यानं पेन मागितलं, ओट्यावर कागद ठेवला आणि शेवटच्या पानावर सही ठोकली.

“घे. छाप. तीसचा आकडा बदललास तर मंडळात यिऊन बाराव्या दिवसाचं सगळ्यांदेखत सांगीन. आता नीघ.”

तो आत गेला. काकासाहेब कागद छातीशी धरून तसेच उभे राहिले. माफ कर म्हणायचं त्यांना तेव्हा सुचलं, आणि आतून कडी लागली.