रिकामं बंदर

रविवारी एका मित्राच्या घरी जेवणाच्या टेबलावर नौदल युद्धाचा खेळ मांडला होता. नकाशा कोकण किनाऱ्याचा. समोरच्या बंदरावर तोफा डागल्या की प्रदीपची बाजू जिंकणार होती. पण फासा टाकायचं सोडून त्याने बंदरावर तळहात ठेवला. ते त्याचं गाव होतं.

"टाक की फासा!" त्याच्याच बाजूने खेळणारा विनायक वैतागला. "एक युद्धनौका नाही तिथे. नियमाप्रमाणे रिकामं बंदर आहे ते."

"रिकामं? आत्ता होड्या लागल्या असतील. आई मासळीच्या लिलावात उभी असेल."

"तुझ्या आईला कोण मारतंय? पुठ्ठा आहे तो!"

पुठ्ठाच आहे, हे खरं. चीड येते ती 'रिकामं' या शब्दाची. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते, तरी युद्धनौका नाही म्हणून बंदर रिकामं. खेळाच्या नियमात असंच छापतात आणि युद्धाच्या बातमीतही असंच छापतात. कुणाला काही खटकत नाही.

"मग तू टाक," म्हणत प्रदीपने फासा सरकवला.

विनायकने तो उचलला, मुठीत खुळखुळवला आणि थांबला.

"काकू लिलाव आटोपून निघतात कधी?" त्याने त्रासिकपणे विचारलं.