ओळंब्याची भिंत

“मग भिंतीतली ती भोकं बुजवा म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं होतं?” गवंड्यानं विचारलं आणि तांब्या असा आपटला की अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

बायकोनं पुसायला फडकं घेतलं नाही. बुजवा म्हणणारी मीच होते, असं तिनं सांगून टाकलं. भिंतीतून लाल पाणी यायचं, बोळात वाळत घातलेल्या चादरींवर डाग पडायचे, गोगलगायी खिडकीतून थेट बिछान्यावर यायच्या. पण घरात गवंडी कोण होता? तिनं विहिरीत उडी मारा म्हटलं असतं तर मारली असती का?

“मारली असती. विहिरीत निदान शांतता असते,” तो म्हणाला.

सून आतल्या दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिला हसू आलं, पण हसता हसता तिनं मागच्या खोलीकडं वळून बघितलं. गेले काही दिवस तिला तीच सवय लागली होती.

घर उताराला होतं. पाठीशी दरड, दरडीला धरून ठेवणारी उंच दगडी भिंत, भिंत आणि घर यांच्यामध्ये एक चिंचोळा बोळ, आणि बोळावर उघडणारी मागच्या खोलीची खिडकी. त्याच खोलीत सून आणि बाळ झोपत. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. भिंत गवंड्यानं लग्नाच्या आधी एकट्यानं बांधली होती, आणि दरडीत मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून तिला खाली भोकं ठेवली होती. पुढं बायकोच्या कटकटीला कंटाळून ती त्यानंच सिमेंटनं बुजवली. तेव्हा वर कोरडं माळरान होतं. आता तिथं रस्ता झाला होता, आणि रस्त्याचं फुटकं गटार रात्रंदिवस दरडीत झिरपत होतं. भिंत मध्यावर फुगून तिला पोट आलं होतं, आणि तिथं भेग पडली होती.

“बुजवलीत तुम्ही, उघडा तुम्ही,” बायको म्हणाली.

तेवढंच तो करणार नव्हता.

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याच्या दोरीला लटकणारं ते लोखंडी वजन जसं सरळच लोंबतं, तसा हा माणूस. खोटं बोलणार नाही, उपासना चुकवणार नाही. पण एक खोड होती. भिंत पुरी झाली की शेवटच्या दगडावर तळहात ठेवायचा आणि देवाला म्हणायचा, “बांधली मी, राखायची तू.” मग थापी धुवायची आणि मागं वळून न बघता निघायचं. दुसऱ्यांच्या बांधकामाची डागडुजी तो करी. भोकं बुजवली तेवढा एक प्रसंग सोडला, तर स्वतःच्या भिंतीला पुन्हा हात म्हणून लावत नसे. लोक थट्टेनं म्हणत, ओळंब्याच्या कामाची हमी थेट वरून मिळते, फक्त तक्रार करायला मरावं लागतं.

ही खोड कुठून आली ते बायकोला ठाऊक होतं. त्याला तान्हेपणी मिशनच्या अनाथाश्रमाच्या पायरीवर कुणीतरी ठेवून गेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांनी त्याला शिकवलं, की देवानं जग केलं आणि तो निघून गेला असं नाही. शून्यातून केलेली वस्तू स्वतःच्या बळावर क्षणभरही उभी राहू शकत नाही. तो धरून आहे म्हणून ती आहे. पायरीवरच्या पोराला एवढं पुरलं. आई निघून गेली, पण हात निघून गेला नव्हता. त्या हातावर त्यानं सारं आयुष्य टेकवलं होतं. स्वतःच्या भिंतीला टेकू लावायचा म्हणजे त्या हाताला डुलकी लागली असं म्हणण्यासारखं, असं त्याला वाटे.

म्हणून बायकोनं स्वतःच उपाय केला होता. नवरा परक्या घरी भेगेवर काचेची पट्टी चिकटवतो, भिंत हलली तर काच तडकते, हे तिनं पाहिलं होतं. तिनं फुटक्या आरशाची पट्टी कापून आणली आणि सिमेंट कालवून पोटाजवळच्या भेगेवर आडवी बसवली. त्यानं नाक मुरडलं. थालीपीठ लावल्यासारखं लावलंस, म्हणाला.

आज दुपारी सून बाळाला पाजत असताना बोळातून टच्चकन आवाज आला. तिथून हे भांडण सुरू झालं.

“सिमेंट वाळताना काच तडकतेच,” तो म्हणाला.

“आणि चिमण्या?” बायकोनं विचारलं. भिंतीच्या सांदीत चिमण्यांची घरटी होती. अलीकडं बोळात एक पीस दिसत नव्हतं.

“चिमण्यांचीही काळजी तोच करतो.”

“म्हणूनच त्यांना उठवून नेलं असेल.”

बोळात काहीतरी टपटपलं. पाणी नव्हे, खडे. थोडे पडले, थांबले, पुन्हा पडले. बाळ रडायचं थांबून ऐकू लागलं.

बायको आता हळू आवाजात बोलली. “अहो, रविवारच्या शाळेत पोरांपुढं हातात वीट धरता ना तुम्ही? विचारता, ही खाली का पडत नाही? आणि मग हात सोडून दाखवता. का, तर देवानं हात काढला तर जगाचं काय होईल ते कळावं म्हणून. त्यानं एकदा करून हात झटकले नाहीत, हे तुम्हीच शिकवता. मग तुम्ही कसे झटकता?”

तो उठला, त्यानं खुंटीवरचा ओळंबा काढला. बायकोचं तोंड बंद करायलाच निघाला असावा. चाल तशीच होती. शिडी लावून त्यानं भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली.

दोघी खिडकीतून बघत होत्या. ही भिंत त्यानं दरडीकडं किंचित कलती बांधली होती, म्हणजे दोरी तळाशी दगडांना लागायला हवी होती. माथ्याजवळ ती दगडांना चिकटून उतरली, पोटावर टेकली, आणि तिथून खाली मोकळीच राहिली. वजन हलायचं थांबलं. तळाच्या दगडात आणि त्यात वीतभर अंतर होतं; भिंतीचं पोट पायापेक्षा तेवढं पुढं आलं होतं.

त्यानं भिंतीवर तळहात ठेवला. बांधली त्या दिवशी ठेवला होता तसाच, पण तोंडानं काही म्हणाला नाही. हात ओला झाला. त्यानं तो बराच वेळ तिथंच ठेवला, आणि सुनेला वाटलं, बाबा भिंतीला सावरून उभे आहेत की भिंतीच्या आधारानं, ते सांगता येणार नाही. मग त्याच्या मनगटावरून मातकट पाण्याचा एक ओघळ कोपरापर्यंत आला, आणि त्यानं हात असा अलगद काढला, जणू झोपलेल्या जनावरावरचा.

तो आत आला. ओळंबा तिथंच लटकत सोडला होता. हात धुतले नाहीत.

“भोकं उघडायची वेळ गेली,” त्यानं घरातल्यांना सांगितलं. “पाळणा उचला, चूल विझवा. हे घर आपण आत्ता सोडतोय.”