पायाळूला चिठ्ठी लागत नाही

नव्व्याण्णव साली, बारावीनंतर, सडक अर्जुनीच्या स्टँडवर मी नागपूरच्या बसची वाट पाहत उभी होते. सोबत आई, बाबा आणि एक लोखंडी पेटी. बस लागली, मी दाराकडे निघाले, तर एक अनोळखी बाई पुढे आली आणि माझ्या पायांपुढे धुळीत पालथी पडली. पाठीवरचा पदर तिने स्वतःच बाजूला सारला. ड्रायव्हरने हॉर्न दाबला तरी बाई हलेना. "सांगून तरी जा व माय, वाचीन का मी?" मातीत तोंड ठेवूनच ती म्हणाली. बाबांनी मला दंडाला धरून तिच्या बाजूने नेलं आणि बसमध्ये चढवलं. बस सुटली तेव्हा आई तिच्याजवळ बसून तिची पाठ झाकत होती.

त्याच साली आमचा भाग भंडाऱ्यातून निघून गोंदिया जिल्ह्यात गेला होता. घर जागचं हललं नाही आणि पत्ता मात्र बदलला. माझं उलटं झालं.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारखे जे निघाले, ज्यांच्या पोरांना आता धानाचा बांधही दिसत नाही, त्यांच्यासाठी सांगते. मी पायाळू. जन्मताना आधी पाय आले, मग डोकं. आपल्याकडे कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याने पालथं पडायचं आणि पायाळूने अनवाणी पाय पाठीवरून फिरवायचा. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्या अंगणात नुसती रीघ. ना डॉक्टर, ना चिठ्ठी, ना नंबर. यायचं, पडायचं, कण्हायचं आणि जाताना दोन काकड्या ओसरीवर ठेवायच्या.

बाबांना हे अजिबात खपत नसे. हायवेवर त्यांचं ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान. घरात बुद्धाची मूर्ती. अंगारेधुपारे आजोबांनी छप्पन साली सोडले ते सोडलेच. "ट्यूब पाण्यात बुडवा. बुडबुडा निघन तिथं भोक. बाकी सारं थोतांड," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आई म्हणायची, "दारी आलेल्याले हाकलू काऊन? पोरगी पाय ठेवते, जीव नाई देत."

मग चोरखमाऱ्याकडून एक माणूस आला. धडधाकट, बोलका. धानाचा भरलेला कट्टा उचलताना पाठ धरली म्हणाला. मी पाय ठेवला आणि तळव्याला गार लागलं. भर उन्हाळा होता. बोडीत, शेतातल्या तळ्यात, उतरताना वरचं पाणी कोमट असतं आणि पाय चिखलात रुतला की खालून जे गार लागतं, तसं. मी पाय काढून घेतला आणि रडत सुटले, "याले दवाखान्यात न्या." सगळे हसले, तोही हसला. त्याने पुढची दिवाळी पाहिली नाही.

असं आणखी एकदा झालं आणि मग काही विचारू नका! ज्यांची पाठ दुखत नव्हती ते येऊ लागले. देवरीच्या जंगलाकडून म्हातारे यायचे, एकाने तर लग्न ठरवण्याआधी होणारी सून आणली. पालथे पडायचे ते, पण सोबत आलेल्यांची नजर माझ्या पायावर नसायची, तोंडावर असायची. मी चेहरा दगडासारखा ठेवायला शिकले. तरी मी रस्त्याने निघाले की बाया आपापली लेकरं आत ओढायच्या. एके दिवशी आई म्हणाली, "तू जा व इथून. हे लोकं तुले माणूस राहू नाई देणार." म्हणून नागपूर.

फिजिओथेरपीच कायले घेतली, असं विचारतात. अहो, मार्क तेवढेच होते! पण पहिल्याच वर्षी मॅडमनी सांगितलं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. मैत्रिणी चिडल्या, आपण काय मालिशवाल्या आहोत का? मला मात्र डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं झालं. कुणीतरी आधीच पाहिलंय, ठरवलंय, सही केलीय. मी फक्त शेक द्यायचा, व्यायाम शिकवायचा. पायात मोजे आणि बूट. कितीतरी वर्षं तळव्याला काही लागलं नाही आणि मी सुखाने जेवले, झोपले.

लग्नानंतर मेलबर्नला आले. तिथल्या परीक्षा दिल्या, क्लिनिकमध्ये लागले. पहिल्या दिवशी बॉस आनंदाने म्हणाली, इथे रेफरल लागत नाही, लोक सरळ तुझ्याकडेच येतील. म्हणजे पुन्हा अंगणच की हे! फक्त कार्पेट टाकलेलं.

तिथे निक नावाचा एक ग्रीक म्हातारा आला. टोमॅटोच्या कुंड्या उचलताना पाठ भरली म्हणाला आणि पालथा पडला. मी हात ठेवला. पायाचा तळवा गार पडला, जाड मोज्यात, बुटात. मग मी सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. आडवं पडूनही दुखणं थांबत नव्हतं. पँट सैल झाली होती, त्याला वाटलं बायकोचा स्वयंपाक बिघडला. मी उपचार केले नाहीत. त्याच्या डॉक्टरांच्या नावे पत्र लिहून दिलं. गाठ वेळेत सापडली. क्लिनिकमध्ये सगळ्यांनी माझ्या क्लिनिकल जजमेंटचं कौतुक केलं. प्रश्न नंतर आले आणि गारवा आधी, हे कुणाला सांगणार? मी थँक यू म्हटलं.

काही वर्षांनी आईचा फोन आला. "कंबर धरली व माझी. लई दिवस झाले." मी मिळेल त्या विमानात बसले. आईचं काही वाईट निघालं तर ते सगळ्यात आधी मलाच कळणार होतं, मध्ये कुणीच नव्हतं.

घरी पोचले आणि तिला नीट तपासलं. पाय उचलून पाहिले, हातोडीने गुडघे पाहिले, दोनदोनदा विचारलं. वाकून वाकून रोवणी केलेली कंबर, दुसरं काही नाही. "ते झालं तुझं," आई म्हणाली. "आता पाय ठेव." एवढ्या वर्षांत तिने स्वतःसाठी कधी म्हटलं नव्हतं.

"नोको आई."

"भेव लागते?"

"हो."

बाबा हसले. "ठेव बापा. तिच्या जिवाले बरं वाटन." आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच आपला ग्रीसने काळा झालेला हात पुढे केला. मी तो घट्ट धरला, चप्पल काढली आणि पाय ठेवला.

गार. असं गार की मांडीपर्यंत चढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला. स्कॅनच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी?" मी म्हटलं, मी फिजिओथेरपिस्ट आहे. "मॅडम, डॉक्टरची लागते." तिकडे माझ्या पत्रावर तपासण्या होतात, इकडे माझ्याच आईसाठी मी कुणी नव्हते! एका डॉक्टरांच्या हातापाया पडून चिठ्ठी मिळवली. बाबा फाईल घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर पळत होते. रिपोर्ट स्वच्छ आला. "नाई ना निघाला बुडबुडा?" बाबा म्हणाले आणि आम्हाला आलूबोंडे खाऊ घातले. मी हसत-रडत खाल्ले. सुटले एकदाची या पायातून, असं वाटलं. परत गेले.

महिना उलटला नाही तोच बाबा गेले. दुकानात टायरशेजारी बसल्या बसल्याच. कधी साधं डोकं दुखलं नव्हतं त्यांचं. मी पुन्हा गावी आले. सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, आईने मला विचारलं, "त्या दिवशी तू हात कोनाचा धरला होता व?" तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आई आज ठणठणीत आहे, कंबरसुद्धा. मी दरवर्षी जाते. माझ्यासाठी घर म्हणजे आता ती एकच जागा, जिथे मी उंबऱ्याच्या आत अनवाणी जात नाही. आईने घरात घालायला एक वेगळी रबरी चप्पल आणून ठेवली आहे. मी आले की ती आधी माझ्या पायाशी ठेवते. मी ती घातली की मगच मला जवळ घेते.