अल्मेडाबाईंचं ‘नाही’

अल्मेडा ब्रूसारबाईंनी आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. मी तिथे गणित शिकवायचो. सोमवारी एखादं पोर दुप्पट भात मागू लागलं की रविवारी त्याच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्यांना माझ्याआधी कळायचं. मग ते पोर गोरं असो की आमच्यासारखं काळं, पळी तेवढीच भरायची.

लुईझियानातल्या आमच्या गावात १९८६ साली क्लॉव्हिस मेटोयेवर खटला चालला. बावीस वर्षांचा, माझाच विद्यार्थी. ईस्टरआधीच्या उपासातल्या एका शुक्रवारी, संध्याकाळी सहाला, कुणीतरी पिस्तूल दाखवून एक दुकान लुटलं होतं. “टोपीवाला काळा पोरगा, हाच तो,” असं दुकानदार म्हणाला आणि त्याच्या बायकोनं री ओढली. त्या उपासाला मांस चालत नाही, मासे चालतात; म्हणून त्या वेळी क्लॉव्हिस आमच्या चर्चच्या अंगणात लोकांसाठी मासे तळत होता. शेजारी उभं राहून माशांना पीठ लावणाऱ्या दोन बायकांनी तसं शपथेवर सांगितलं.

ज्युरीत दहा गोरे होते. काळे दोघंच, सात नंबरला अल्मेडाबाई आणि अकराला नार्सिस न्हावी. बंद खोलीतलं सगळं बाईंनी मला नंतर सांगितलं.

पहिल्या मतदानात नऊ जण दोषी म्हणाले. बाई, नार्सिस आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक गोरा तरुण असे तिघं नाही म्हणाले.

“त्या दोन बायका त्याच्याच चर्चच्या,” ज्युरीचे प्रमुख एबेरसाहेब म्हणाले. “आपल्या माणसासाठी खोटं बोलणारच.”

“आणि दुकानदाराची बायको कोणाच्या चर्चची?” बाईंनी विचारलं.

“ती गोष्ट वेगळी, अल्मेडा. तू उगाच फाटे फोडू नकोस.”

बाई ज्युरीतल्या गोऱ्या ड्यूगाबाईंकडे वळल्या. त्यांच्या तिन्ही पोरांना बाईंनीच जेवू घातलं होतं. “ड्यूगाबाई, तुम्हीही शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळता. दोनशे माणसं रांगेत असताना कढईवरचा माणूस तासभर निघून जातो का? तेल जळेल, लोक बोंबलतील.”

ड्यूगाबाई हसल्या. “आमच्याकडे नाही गं जात. तुमच्या लोकांचं काय सांगावं!”

चार-पाच जण खो खो हसले. नार्सिस म्हणाला, “हसा, हसा. तुरुंगात तुम्हाला नाही जायचं.”

मग एबेरसाहेबांनी त्या गोऱ्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. “तू यांच्या बाजूनं उभा राहिलास हे गावात कळलं, तर तुझ्या बापाकडे होड्या कोण आणील रे?” पोरानं मान खाली घातली. दहा झाले.

“माझं बोलणं संपलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“बोल की. पण आपल्या राज्यात निकालाला बारांतले दहा पुरतात.” आणि त्यांनी शिपायाला हाक मारली.

अकरा मिनिटांत सगळं उरकलं! मी वर्गात एका गणितालाही याहून जास्त वेळ देत असे. दोघांचं ऐकायचंच नाही, अशी सोय कायद्यानं करून ठेवली होती. उरलेल्या दहांना पुरावा तपासायची गरज काय पडणार?

न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे एकेकाला विचारलं, “हा तुमचा निर्णय आहे?” सात नंबरला बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “नाही.” कारकुनानं खूण केली आणि आठ नंबर पुकारला. क्लॉव्हिसला साठ वर्षांची शिक्षा लागली.

सोमवारी ड्यूगाबाईंचा धाकटा ताटली घेऊन रांगेत आला. बाईंनी पळी भरूनच वाढलं. मी पाहत होतो. मला ते जमलं नसतं.

२०१८ साली लोकांनी मत देऊन तो नियम मोडीत काढला. आता बाराच्या बारा लागतात. पेपर घेऊन मी धावतच बाईंकडे गेलो. त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या.

“मग मास्तर, क्लॉव्हिस कधी येतोय?”

मला पुढची ओळ वाचावी लागली. नवा नियम नव्या गुन्ह्यांना. जुने तिथेच.

“म्हणजे चूक होती हे कबूल, पण पोरगं आतच?”

त्यांचे हात थरथरतात, म्हणून दर वर्षी माफी मंडळाला जाणारं पत्र आता मी लिहितो. मजकूर त्यांचाच असतो, आणि एक शब्द बदलू देत नाहीत: “मी ज्युरीतली सात नंबर. मी नाही म्हटलं होतं. अजूनही नाहीच म्हणते. तो मासे तळत होता.”