प्रिसिला सिस्टरची साबणाची वडी

२००३ साली आमच्या होळी गावातल्या दवाखान्यात रक्तातली साखर मोजणारे छोटे यंत्र आले. नर्स प्रिसिला लोपीस यांनी दोन आठवडे स्वतःच्या बोटातून थेंब काढून त्याचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मगच ते रुग्णांसाठी बाहेर काढले.

बारा मार्चला मी माझी जाऊ मार्गारेट हिला तिथे नेले. आकडा आला तीनशे बारा. तिची मधुमेहाची गोळी दुप्पट करायला डॉक्टरांनी कागद ओढला.

"थांबा, डॉक्टर," प्रिसिला म्हणाल्या. "मार्गारेटबाय, सकाळपासून काय करत होतीस?"

"काय करनार? सुकेळ्यांसाठी, उन्हात वाळवायला, पिकलेली केळी सोलत होते. पन एकबी खाल्लं नाय, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू हाय, गोड सोडलंय!"

"तोंडाने नाही, बोटांनी खाल्लीस. केळ्याची साखर बोटाला चिकटलीय. ऊठ, साबणाने हात धू."

डॉक्टर हसले. "सिस्टर, यंत्र तुम्हीच पास केलं होतं ना?"

"यंत्र पासच आहे. बोट नापास झालं."

धुतलेल्या, कोरड्या बोटाचा आकडा आला एकशे एकवीस. दुप्पट गोळीने साखर एकदम उतरून मार्गारेट वाडीत घेरी येऊन पडली असती. डॉक्टरांनी गोळी होती तेवढीच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्या यंत्राशेजारी साबणाची वडी आणि स्वच्छ पंचा कायमचा आला.